रिंग बंद, होला सुरू

मेलेला पक्षी घुमायला लागला तेव्हा मी मैदानाच्या दोरीबाहेर उभा राहून सोयाबीनचं तळलेलं तेंपे खात होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर गावात असं पसरलं की मी किंचाळलो. मी किंचाळलो नाही. किंचाळायला तोंड रिकामं लागतं.

पक्षी म्हणजे होला. आमच्याकडे त्याला पेर्कुतुत म्हणतात. जावातल्या बांतुलच्या आमच्या भागात सकाळी आधी होल्याचं दाणापाणी होतं, मग माणसांचा चहा. माझे पाकदे तुगिमिन, म्हणजे आईचे थोरले भाऊ, यांच्या घरात तर माणूस म्हणून ते एकटेच. बुदे, म्हणजे मामी, वारल्या. मुलगी लस्त्री हाँगकाँगला घरकामाला. उरला ओम्बाक नावाचा एक होला. ओम्बाक म्हणजे लाट, कारण त्याच्या बापाचं नाव क्याई सेगोरो, म्हणजे समुद्र. होल्यांच्या घुमण्याच्या स्पर्धा होतात; सेगोरोने जिवंतपणी त्यातलं एकही मैदान सोडलं नाही. तो वारला तेव्हा पाकदेंनी त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून आंब्याखाली पुरलं आणि सातव्या दिवशी गल्लीला जेवण घातलं. जेवण चांगलं होतं. लोक रडत रडत दुसऱ्यांदा भात घेत होते.

ओम्बाक हा सेगोरोचा मुलगा, असं पाकदे सांगायचे. ओम्बाक स्वतः काहीच सांगायचा नाही. अंड्यातून बाहेर आल्यापासून त्याने चोच उघडली ती फक्त दाण्यासाठी. होलेवाल्यांच्या क्लबात यावरून पाकदेंची रोज सालं निघायची. लाट कसली, डबकं म्हणा, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याने सुचवलं की त्याला शाळेत घाला, मागच्या बाकावर शोभेल.

शेवटी पाकदे क्लबाच्या बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, की येत्या रविवारी मैदानावर ओम्बाक घुमला नाही, तर मी त्याच्या पिंजऱ्याचं दार उघडीन, अंगणातला खांब उपटीन आणि पुन्हा पक्ष्याला हात लावणार नाही. मी शेजारी बसून त्यांचा सदरा ओढत होतो. उपयोग झाला नाही. पाकदे कानाने अधू आहेत, त्यामुळे आपण किती जोरात बोलतो याचा त्यांना अंदाज नसतो. जे बैठकीला आलेच नव्हते, त्यांनीही ही प्रतिज्ञा घरबसल्या ऐकली.

आईला हे कळलं तेव्हा ती हातातलं भांडं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तो खांब म्हणजे बांबूच्या टोकाला कप्पी आणि कप्पीवरून दोरी. पहाटे पिंजरा वर चढवायचा, उन्हं कलली की उतरवायचा. बुदे गेल्यापासून पाकदे सकाळी उठतात ते त्या दोरीसाठी. दोरी गेली तर तो माणूस उठेल कशाला, असं आईने मला विचारलं. मला उत्तर आलं नाही. एरवी मला सगळ्याचं उत्तर येतं. घरात ही तक्रारच आहे.

आता फोनचं सांगतो.

घराण्यातले सगळे फोन माझ्याकडे येतात, कारण लहानपणी एकदा मी टीव्हीच्या रिमोटमधल्या बॅटऱ्या उलट्या करून घातल्या आणि टीव्ही सुरू झाला. तेव्हापासून मला तज्ज्ञ समजतात. पाकदेंच्या फोनचा आवाज कायम पूर्ण वर असतो, नाहीतर त्यांना ऐकूच येत नाही. सेगोरो वारला तेव्हा त्याच्या एका जुन्या रेकॉर्डिंगमधली एक घुम कापून मीच त्यांच्या फोनवर मेसेजचा आवाज म्हणून लावून दिली. पाकदे त्या दिवशी पहिल्यांदा जेवले. मग क्लबाचा ग्रुप सुरू झाला. निवृत्त माणसांचा ग्रुप. सकाळी फुलं, दुपारी सुविचार, संध्याकाळी पुन्हा तीच फुलं. प्रत्येक फुलाला स्वयंपाकघरातून सेगोरो घुमायचा. जिवंत असताना तो जेवढा घुमला नसेल तेवढा मेल्यावर घुमला. बाहेर मात्र हे कुणाला माहीत नव्हतं. फोन ही पाकदेंच्या मते घड्याळासारखी भिंतीजवळ ठेवायची वस्तू. ते तो घेऊन कुठे जात नसत.

रविवारी घेऊन गेले. लस्त्री हाँगकाँगहून फोन करणार होती.

क्लबाचा वर्धापनदिन होता, त्यामुळे पक्ष्यांचे मालक सगळे जुन्या जावानी पोशाखात. डोक्याला ब्लांगकोन, कमरेला जारिक, पाठीशी खंजीर. या पोशाखात खंजीर ठेवायला जागा आहे, फोन ठेवायला नाही. पूर्वजांना खरे धोके कोणते ते कळलं नव्हतं.

कर्ण्यावरून सूचना आली की फोनचे आवाज बंद करा, थरथरसुद्धा नको. पाकदेंनी फोन माझ्या हातात दिला. मी रिंगची पट्टी खाली शून्यापर्यंत ओढली आणि फोन परत दिला. इथपर्यंत मी जे केलं ते जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं. त्या फोनमध्ये आधी एकच पट्टी होती. रिंग खाली गेली की नोटिफिकेशन गुमान मागोमाग जायचं. गेल्या आठवड्यात अपडेट आलं आणि त्या पट्टीच्या दोन पट्ट्या झाल्या, वाटणी झालेल्या भावांसारख्या. रिंगची वेगळी, नोटिफिकेशनची वेगळी. दुसरी पट्टी मला दिसली होती. पण माणसाला बरंच काही दिसतं.

दोरी ओढायला हात मोकळे हवेत म्हणून पाकदेंनी फोन पिंजऱ्याच्या तळाखालच्या कप्प्यात सरकवला, जिथे ते सुटे दाणे ठेवतात. पिंजरा वर गेला. नारळाच्या झाडाएवढ्या खांबाच्या टोकाला जाऊन थांबला आणि तेव्हा पाकदेंना आठवलं. शिट्टीआधी पिंजरा उतरवला तर पक्षी बाद. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे पोराला ले म्हणून हाक मारतात.

“ले, बंद केलायस ना?”

“केलाय.”

“पूर्ण?”

“पूर्ण,” मी म्हणालो. या एका शब्दावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे.

शिट्टी झाली आणि मैदान गप्प झालं. होल्यांच्या मैदानासारखी शांतता मशिदीतही नसते, तिथे निदान कुणी खोकतं. मालक आपापल्या खांबापासून दूर उकिडवे बसले. परीक्षक खांबांखालून माना वर करून फिरू लागले. त्यांचे मुख्य हार्सोयो; मानाने सगळे त्यांना पाक हार्सोयो म्हणतात. त्यांच्या कानाबद्दल असं सांगतात की पाहुणा दाराबाहेर खाकरला तर ते आतून त्याच्या आजोबांचं नाव सांगतात. त्यांनी झेंडी लावली की वाद संपला. एकरंगी म्हणजे बरा, दोनरंगी म्हणजे चांगला. तीनरंगी झेंडी खोक्यातून बाहेर आली की लोक टोप्या काढतात.

बोलायला बंदी असल्यामुळे दोरीबाहेरची सगळी माणसं ग्रुपवर लिहीत होती. सगळ्यांचे फोन मुके. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी एका बोटाने लिहिलं: तुगिमिनचा होला आज तरी बोलणार का?

आणि वरून आवाज आला. हुर्र... केतेकू... कूंऽऽग.

मी मघाशी सांगितलं ते तेंपे इथे येतं.

सगळं मैदान वर बघायला लागलं. पाक हार्सोयो दुसऱ्या खांबाखाली होते. ते जागच्या जागी वळले. पिंजऱ्याच्या लाकडी तळामुळे आवाज असा भरून येत होता की खुद्द सेगोरोलाही जिवंतपणी एवढा कधी जमला नव्हता. कुणीतरी लिहिलं: घुमला. वरून कूंग. तिघांनी लिहिलं: खरंच घुमला. वरून कूंग, कूंग, कूंग. क्लबाच्या खजिनदारांनी टाळ्यांची चित्रं पाठवली, एकेक करून, कारण त्यांना एकदम पाठवता येत नाहीत. ओम्बाक घुमत होता म्हणून लोक लिहीत होते आणि लोक लिहीत होते म्हणून ओम्बाक घुमत होता. जगात याला अंत असण्याचं काहीच कारण नव्हतं.

माझ्या फोनवर मेसेज उजळला की वरून कूंग येते, हे माझ्या लक्षात आलं. काहीतरी करायला हवं होतं. मी ग्रुपवर लिहिलं: कृपया कुणी काही लिहू नका.

होला घुमला.

त्यावर सहा जणांनी विचारलं, का? होला सहा वेळा घुमला.

मग मी पाकदेंच्या फोनवर फोन लावून पाहिला. का लावला, ठाऊक नाही; बुडणारा माणूस पाण्यालाच धरतो. वरून काहीच आवाज आला नाही. रिंग उत्तम बंद होती. माझं अर्धं काम चोख झालं होतं.

खुद्द ओम्बाक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मान खांद्यात घालून बसला होता आणि स्वतःच्या पायांखाली बघत होता. एवढा भेदरलेला गवई मी पाहिलेला नाही. पण होल्याचं तोंड कोण बघतो, लोक कान देतात. परीक्षकांच्या स्थिरतेच्या रकान्यात गुण संपले. प्रत्येक घुम आधीच्या घुमेसारखी, केसाचाही फरक नाही, असं त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. एकजण डोळे पुसत होता.

पाक हार्सोयो डोळे पुसत नव्हते. ते पांढरे पडले होते. त्यांनी ब्लांगकोन काढलं, पाकदेंच्या खांबाखाली गवतावर बसले. मग उठले आणि त्यांनी तीनरंगी झेंडी रोवली.

पाकदेंना यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्यांना फक्त झेंडी दिसली. त्यांनी दोरीपलीकडून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया वर केल्या: घुमला? मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली ते मला आजही सांगता येणार नाही. ते तिथेच ओंजळीत तोंड धरून बसले.

बक्षीस म्हणून कमरेएवढ्या उंचीचा एक करंडक आणि भात शिजवायचा विजेचा कुकर मिळाला. मी मोटरसायकल चालवत होतो. मागे पाकदे, त्यांच्या एका हातात पिंजरा, दुसऱ्यात करंडक, मांडीवर कुकर. रस्ताभर ते बुदेंना हाक मारून सांगत होते, की बघ, मी म्हणत होतो ना. ही काही मेसेजच्या आवाजाबद्दल बोलायची वेळ नव्हती. मी उद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी गेलो, तर ओसरीवर पाक हार्सोयो आधीच बसलेले. बुदेंच्या दुःखाला आले होते, त्यानंतर आजच. रात्रभर झोपले नसावेत. पाकदेंनी गोड चहाचे पेले मांडले होते, करंडकाची दर्शनी बाजू त्यांच्याकडे फिरवून ठेवली होती. फोन चहाच्या तबकाशेजारी पडला होता, गप्प. दुपारचे सुविचार पाठवून झाले की ग्रुप घोरत असतो.

पाक हार्सोयो पाकदेंच्या कानाशी वाकून मोठ्याने बोलत होते. पाकदेंना ते कांग, म्हणजे दादा, म्हणतात. ते म्हणाले, सेगोरोच्या घुमेत शेवटी एक अडखळ होती, उंबऱ्यावरून माणूस वळून बघतो तशी. ती जन्माची नव्हती. लहानपणी मांजराने त्याच्या मानेला पंजा मारला, तेव्हापासूनची होती. बापाचा आवाज मुलाला मिळेल. बापाला झालेली जखम कशी मिळेल?

“मी काल मेलेल्याला ऐकलं, कांग,” ते म्हणाले. “एकदा नाही. मोजता येणार नाही इतक्यांदा. तेव्हा एकतर माझा कान गेला, नाहीतर डोकं. मी परीक्षक म्हणून राहू नये.”

पाकदे आ वासून बघत राहिले. मी दारातच उभा होतो. मी म्हणालो की पाक, एक मिनिट. पण त्यांनी मला हाताने थांबवलं, खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि एका बोटाने ग्रुपवर लिहायला लागले: मी, हार्सोयो, आजपासून परीक्षकपद सोडत आहे. मग डोळे मिटले आणि पाठवलं.

तबकाशेजारून आवाज आला. हुर्र... केतेकू... कूंऽऽग.

पाक हार्सोयोंचे डोळे उघडले. ते हलले नाहीत. फक्त बुबुळं तबकाकडे गेली. मग त्यांनी आपल्या फोनवर नुसता एक ठिपका लिहिला आणि पाठवला.

कूंग.

आणखी एक ठिपका.

कूंग.

त्यांनी किती ठिपके पाठवले ते मी मोजलं नाही. प्रत्येक ठिपक्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत येत होतं आणि तेवढंच पाकदेंच्या चेहऱ्यावरून उतरत होतं. कारण इतक्या जवळून पाकदेंनाही ऐकू येतं. त्यांनी आधी फोनकडे पाहिलं, मग पिंजऱ्याकडे, शेवटी माझ्याकडे.

“ले, काल हा कुठे होता?”

“वर,” मी म्हणालो. “पिंजऱ्याखाली.”

“तू बंद केला होतास.”

“रिंग बंद केली होती. नोटिफिकेशनची पट्टी आता वेगळी असते. ती पूर्ण वर होती.”

“एका फोनला दोन आवाज?”

“हो.”

“कशाला?”

याचंही मला उत्तर आलं नाही. एका आठवड्यातली दुसरी वेळ.

पाक हार्सोयोंनी फोन उचलून डोळ्यांजवळ नेला. मी त्यांना पट्ट्या दाखवल्या: एक तळाला पडलेली, दुसरी छताला भिडलेली.  “म्हणजे माझा कान शाबूत आहे,” ते हळूच म्हणाले, आणि रविवारपासून पहिल्यांदा पाठ टेकून बसले.

पाकदे उठले. त्यांनी करंडक उचलून दाराबाहेर ठेवला, त्यावर कुकर ठेवला. मग खांबाची दोरी सोडून पिंजरा खाली घेतला आणि त्याचं दार उघडून दोरीने घट्ट मागे बांधलं. शब्द म्हणजे शब्द. आम्ही दोघे बघत होतो. ओम्बाकने उघड्या दाराकडे पाहिलं, मग पाकदेंकडे पाहिलं, मग दाणे खायला लागला. पाकदेंनी पिंजरा हलवला. ओम्बाकने तोल सांभाळला. पाकदे म्हणाले, जा. तो पाणी प्यायला.

तेव्हा पाकदे कुदळ आणायला गेले. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खांबाच्या बुडाशी पहिला घाव घातला, आणि पाक हार्सोयो ओसरीवरून अनवाणीच उतरले आणि त्यांनी कुदळीचा दांडा धरला.

“थांबा, कांग. हा सेगोरोचा आवाज घरात कधीपासून आहे?”

“तो गेला तेव्हापासून.”

“आणि हे पोर त्याच्या आधी जन्मलं की नंतर?”

पाकदे म्हणाले की अंडी सेगोरो असतानाची, पण पिल्लू बाहेर आलं ते त्याच्यानंतर.

पाक हार्सोयोंनी कपाळाला हात लावला. “थोरला होला घुमत असेल तर धाकटा चोच उघडत नाही. तुमच्या घरात थोरला दिवसरात्र घुमतोय, तोही मेल्यावर. त्याला ना झोप, ना दम लागणं. पोरानं बोलायचं कधी?”

“पण मी शब्द दिला होता. रविवारी घुमला नाही तर...”

“रविवारी ओम्बाक स्पर्धेत होताच कुठे? त्याचा बाप होता. मेलेल्या पक्ष्याला प्रवेश नाही, म्हणून कालचा निकाल बाद. तुमच्या पोराची पाळी अजून यायची आहे.” मग ते माझ्याकडे वळले. “आणि तू. ती दुसरी पट्टी.”

मी ती पट्टी तळापर्यंत ओढली. या वेळी दोन्ही बघितल्या.

ठरलं असं की ओम्बाकला पुढच्या रविवारपर्यंत मुदत. तेवढ्यात घुमला तर खांब राहील, नाहीतर कुदळ. पिंजऱ्याचं दार मात्र उघडंच राहणार, तिथे पाकदे मागे हटेनात. तिकडे ग्रुपवर हाहाकार झाला होता. पाक हार्सोयोंनी राजीनामा दिला आणि त्यापाठोपाठ नुसते ठिपके पाठवले, यावरून सगळ्यांनी एकच अर्थ काढला. संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा अंगणात सतरंज्या पडल्या होत्या आणि खजिनदार केळ्यांचा घड घेऊन त्यांच्या बायकोचं सांत्वन करत होते.

कुकर परत गेला. दुसऱ्या नंबरवाल्याने तो उघडला तर आत भात निघाला. पाकदेंनी रात्री लावून पाहिला होता.

पुढचे दिवस पाक हार्सोयो रोज सकाळी यायचे आणि खांबाखाली स्टुलावर बसायचे. पाकदेंच्या घरात मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. पाकदेंनाही ती ऐकू येत असावी. ते मधेच स्वयंपाकघराकडे मान वळवायचे आणि कुणी बोलत नाही असं बघून पुन्हा वर बघायचे. ओम्बाक पहिल्या दिवशी खाली, पायांखाली बघत बसला. दुसऱ्या दिवशीही. नंतर त्याने बघणं सोडलं. आई रोज संध्याकाळी मला विचारायची, आणि मी नाही म्हटलं की विषय बदलायची.

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेर येत होतो. ओम्बाक उघड्या दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. मला वाटलं, गेला. पाकदेंनी दोरी खांबाला बांधून हात मोकळे केले, जाऊ दे अशा बेतानं. ओम्बाकने मान ताणली, गळा फुगवला, आणि घुमला.

सेगोरोसारखा अजिबात नाही. बारीक, मऊ, शेवटी दोनदा थेंब पडावेत तसा. मी होल्यांतला तज्ज्ञ नाही, पण एवढं मलाही कळलं. तो पुन्हा घुमला. मी पाक हार्सोयोंकडे पाहिलं तर ते स्टुलावरून उठून उभे, आणि चेहरा रविवारपेक्षाही वाईट.

“हा माझा ग्रिमिस आहे,” ते म्हणाले.

ग्रिमिस म्हणजे त्यांचा स्वतःचा होला. अजून जिवंत, त्यांच्या अंगणात. पाकदेंना ऐकू गेलं नाही, म्हणून पाक हार्सोयोंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं. त्यामुळे ओम्बाकचा बाप कोण हे पाकदेंच्या आधी मागच्या गल्लीला कळलं. तिकडून कुणीतरी म्हणालं, अगंबाई.

पाकदे हादरले. ते अंगणात मातीवरच बसले. मग त्यांना एकेक आठवायला लागलं. पाक हार्सोयोंच्या मुलीचं लग्न होतं, मांडवात कर्णे लागणार होते, म्हणून त्यांनी ग्रिमिसला लग्न होईपर्यंत पाकदेंकडे ठेवलं होतं. सेगोरोच्या मादीच्या शेजारच्या पिंजऱ्यात. त्या पिंजऱ्याचं दार जरा सैल होतं.

“किती सैल?” पाक हार्सोयोंनी विचारलं.

“आता कळतंय किती,” पाकदे म्हणाले.

 वर ओम्बाक घुमत होता. इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम निघत होतं. माझी नजर कुदळीवर होती. पाकदेंनी सेगोरोचा मुलगा म्हणून छाती पुढे काढली होती आणि तो सेगोरोचा नव्हता. पण प्रतिज्ञा कुणाच्या मुलाबद्दल नव्हती. घुमण्याबद्दल होती.

पाकदे उठले. मला वाटलं कुदळीकडे जातील. ते खांबाशी गेले, पायाने माती ओढून सोमवारचा तो कुदळीचा खड्डा बुजवला, वर दोनदा पाय आपटला. मग पाक हार्सोयोंसमोर येऊन उभे राहिले.

“म्हणजे आपण व्याही झालो.”

पाक हार्सोयोंनी विचार केला. त्यांना नाकारता येईना. “पण मग मला याला गुण देता येणार नाहीत,” ते म्हणाले. “घरचा झाला.”

“गुण राहू देत. मुलाकडच्यांनी काही आणायचं असतं. इतकी वर्षं कुणी आलं नाही.”

दुसऱ्या दिवशी पाक हार्सोयो सपत्नीक आले. येताना त्यांनी केळ्यांचा घड आणला. खजिनदारांचा होता तोच.

त्यानंतर पाकदेंनी फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले की सेगोरोला पूर्ण गप्प नको करूस, त्याचाही हक्क आहे घरावर. म्हणून मी सेगोरोची घुम मेसेजवरून काढून रिंगवर लावली. रिंग पूर्ण वर, नोटिफिकेशन तळाला. दोन पट्ट्या कशाला, याचं उत्तर मला असं मिळालं. ग्रुपवरची फुलं आता मुक्याने येतात आणि पडून राहतात. फोन फक्त लस्त्री करते, हाँगकाँगहून, सुट्टीच्या दिवशी. तेव्हा स्वयंपाकघरातून सेगोरो घुमतो आणि खांबाच्या टोकावर, उघड्या पिंजऱ्यात ओम्बाक पटकन चोच मिटतो.

त्यामुळे पाकदे फोन धावत जाऊन उचलतात. ओम्बाक त्यांना तसाही ऐकू येत नाही. ते खाली उभे राहून त्याचा गळा फुगतो ते बघत असतात.

“थोडक्यात बोल गं,” ते लस्त्रीला सांगतात. “पोरगं गातंय.”